मदत हवी आहे: चपट्या भोपळ्याचं वजन टेपवरून कसं काढायचं?

खानापूर भागातला वेलीवरचा भोपळा. देठाच्या उंचीवर घेर 150 सेंमी, देठाकडून फुलाच्या टोकाकडे जमिनीपासून जमिनीपर्यंत 100, तसाच वरून आडवा 96. बेरीज 346 सेंमी, म्हणजे 136 इंच. टेप पोटाखाली वळवलेला नाही, फुगवट्यावरून सरळ खाली सोडलाय. बहुतेकांचं माप इथंच चुकतं. आणि मापातली 2 टक्के चूक वजनात 6 टक्के होते, कारण वजन घनाच्या हिशेबानं वाढतं.

अडचण अशी, की या बेरजेवरून वजन सांगणारे तक्ते अटलांटिक जायंट या अवाढव्य भोपळ्याच्या जातीचे. आपला गावरान चपटा, खोल फाकांचा. टेप खाचांवरून ताणून जातो, आतली पोकळी तर कळतच नाही. आडवं माप भागिले घेर 0.64 येतं. अशा गुणोत्तराला तक्त्यातून किती टक्के वजा करता? निपाणी, बेळगावकडे कुणी काट्यावर तोलून ताळा घेतला असेल तर तिन्ही मापं आणि किलो कृपया लिहा.