कंबर गेली, आता मानही आखडून रायली. पट्टा सोडून काही उपाय सांगा

पऱ्हाटीवाला: राम राम मंडळी. वय ३९, यवतमाळ जिल्हा, पाच एकर पऱ्हाटी (कापूस) आन तूर. कंबर दोन वर्षांपासून कुरकुर करतच होती पण यंदा फवारणीत पंप पाठीवर घेतला आन अशी उसण भरली का तिथंच धुऱ्यावर बसलो, उठताच येईना. आता मानही आखडली, रात्री कूस बदलली का चमक मारते. एमआरआयमधी कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली (एल४-एल५) गादी फुगली म्हणे. पट्टा देला, गोळ्या देल्या, सांगतलं आराम करा. वेचणी तोंडावर आली, आराम कुठचा करू? पायात मुंग्या नाई. कोणाले व्यायामानं फरक पडला असन तर सांगा.

बाजेवरचा_बाप्पा: फक्त पाठ तुडवून घेऊ नका भाऊ. माह्या काकानं घेतली होती, आठ दिवस बाजेवरून उठले नाई.

वर्धेकर_फिजिओ: भाऊ, आधी हे पाहा. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायची जागा बधिर होणं, पायाचा पंजा उचलता न येणं, यातलं काही झालं तर व्यायाम राहू द्या, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. ताप असेल किंवा वजन उगाच उतरत असेल तरी आधी डॉक्टर.

हे काही नसेल तर त्या फुगलेल्या गादीचं एवढं मनावर घेऊ नका. २०१५ साली असे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा काहीच दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांतही ३० टक्क्यांची गादी फुगलेली निघाली आणि ऐंशीच्या माणसांत ८४ टक्क्यांची. आणि पट्ट्याचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं (डब्ल्यूएचओ) डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यात पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताण देणं) नको म्हटलंय, व्यायाम करा म्हटलंय.

आता सुरुवात. गुडघे दुमडून उताणे झोपा, बूड वर उचला, ५ सेकंद धरा, असं १० वेळा. मग रांगतं व्हा, उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी सरळ करा, नंतर उलट. कमरेवर पाण्याची वाटी ठेवून पाहा, सांडली तर तुम्ही घाई करताय. मानेसाठी भिंतीला टेकून बसा, हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे ओढा, ५ सेकंद, दिवसातून दोन-तीनदा. थोडं दुखलं तर चालतं, पण दुखणं कमरेतून पायात उतरायला लागलं की तो व्यायाम थांबवा. पंधरा दिवसांनी चुंगडीत (पोत्यात) ५ किलो गहू घ्या, पाठीला काठी लावून (डोकं, पाठ, माकडहाड तिन्हीकडे टेकली पाहिजे) कमरेतून न वाकता खुब्यातून वाकायचं शिका, मग काठी ठेवून चुंगडी उचला. ताकद यायला सहा-आठ आठवडे लागतात, चार दिवसांत फोन करून "काहीच फरक नाही" म्हणणारे लोक मला रोज भेटतात 😅

आणि पंप. १६ लिटरचा भरला की नुसतं पाणीच १६ किलो, तो जमिनीवरून झटक्यात पाठीवर घेता म्हणून उसण भरते. कमरेएवढ्या उंच जागी ठेवा, पाठ लावून पट्टे चढवा, मग उभे राहा. एकदा कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा मात्र, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला फिजिओथेरपीचं कॉलेजच आहे, सेवाग्रामही जवळ.

तुरीची_डाळ: ते हनुवटीवालं खरंच कामाचं आहे. माझी आई जन्मभर डोक्यावर पाण्याचे गुंड वाहून मान धरून बसायची, दीड-दोन महिने केलं तेव्हा मान वळवून मागे बघायला लागली. आमची तर दोन उशा आणि मोबाईलनंच मान जाते म्हणा.

पऱ्हाटीवाला: फिजिओताई, दोन महिने झाले म्हणून सांगाले आलो. सावंगीले एक चक्कर मारली, वाटी पहिले चार दिवस रोज सांडली, पोट्टे हासत. पट्टा खुंटीले टांगला. वेचणीत अर्ध्या-पाऊण तासानं उभा होऊन कंबर मागं घेतो, कमरेची कापसाची ओटी जड व्हायच्या आधीच रिकामी करतो. फवारणीले पंप बैलबंडीवर ठेवून चढवला आन १० लिटरच भरला, फेऱ्या वाढल्या पण उसण नाई भरली. मान अजून सकाळी थोडी धरते. चुंगडी १२ किलोवर आणली, आता पुढं किती नेऊ?

वर्धेकर_फिजिओ: १२ किलो सलग दहा वेळा सहज उचलता येते का? येत असेल तर १५ करा, आणि सकाळी मान धरते तर उशी एकच घेऊन पाहा.