मदत हवी आहे: शुगर-वजनाचं आठवड्याचं इंजेक्शन बंद करायचंय, नीट कसं करावं?

औसेकर_कृषी

नमस्कार मंडळी, मी औसा साईडचा, खताबियाणाचं दुकान आहे आणि थोडी शेती. वय ४९, शुगर बरीच वर्षं झाली. वर्षभर होत आलं, तिर्झेपेटाइडचं इंजेक्शन चालू आहे, मौंजारो म्हणतात ते, आठवड्याला एक, सध्या ५ मिलिग्रॅमचा डोस. फरक लई पडला, खोटं कशाला बोलू, वजन १०४ वरून ८७ वर आलं, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ९.१ होतं ते ६.४ झालं, गुडघे बोलायचे बंद झाले.

पण आता जमंना. हे भारतात मार्च २०२५ ला आलं तेव्हा २.५ ची कुपी साडेतीन हजाराला आणि ५ ची ४,३७५ ला होती, म्हणजे ५ वाल्याला महिन्याला साडेसतरा हजार झाले की नाही. पोरगी यंदा अकरावीला, लातूरला नीटचे क्लासेस, होस्टेल, मेस, आणि सोयाबीनचा भाव तुम्हाला माहितच आहे. घरात कोणाला बोलून दाखवलं नाही पण हिशोब बसंना झालाय. बायको म्हणू लालीय, वजन उतरलं ना, आता कशाला टोचून घेता. गावातल्या एकानं असंच मधेच सोडलं, त्याला काहीच झालं नाही म्हणतो.

डॉक्टरांना विचारलं तर "चालू ठेवा" एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट आत. ओपीडीत गर्दी असती, त्यांचंबी बरोबर असेल, पण मला तर बंद करणं भाग आहे. तर असं एकदम बंद केलं तर चालतं का? का डोस कमी कमी करत यायचं? बाकी गोळ्या शुगरची मेटफॉर्मिन १००० सकाळ-संध्याकाळ, बीपीची टेल्मिसार्टन ४० आणि कोलेस्टेरॉलची एक. आधी शुगरचीच ग्लिमेपिराइड २ पण होती, ती इंजेक्शन चालू झाल्यावर बंद केली कारण शुगर खाली जाऊन घाम फुटायचा. बीपीची दुसरी गोळी पण तेव्हाच काढली. ज्यांनी बंद केलंय त्यांनी सांगा.

---

गोदाकाठ_नांदेड

दादा, मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, मेडिकलवर बसून बरीच वर्षं झाली, त्यामुळे जेवढं माहित आहे तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, हे औषध थांबवल्यानं दारू-तंबाखू सोडल्यावर होतं तसं अंग थरथरणं, झोप उडणं असलं काही होत नाही. त्या अर्थानं एकदम बंद केलं तरी चालतं. तसंबी ते अंगातून एकदम जातच नाही, तिर्झेपेटाइड निम्मं व्हायला साधारण ५ दिवस लागतात, म्हणजे शेवटच्या सुईनंतर जवळजवळ महिनाभर थोडं थोडं काम चालूच असतं. सेमाग्लुटाइड, म्हणजे याच जातीचं दुसरं आठवड्याचं इंजेक्शन, त्याला तर ५ आठवडे धरा. तुमच्या गावातला माणूस "काहीच झालं नाही" म्हणतोय तो बहुतेक याच महिन्यात असेल. त्याला अजून दोन महिन्यांनी विचारा.

खरी गोम तुम्हीच शेवटी लिहिलीय. इंजेक्शन चालू झालं तेव्हा ग्लिमेपिराइड काढली, बीपीची एक काढली. म्हणजे आता तुमच्या अंगावर जी चिठ्ठी आहे ती इंजेक्शन धरून लिहिलेली चिठ्ठी आहे. त्यातलं इंजेक्शन गेलं की उरलेलं एकटं मेटफॉर्मिन, आणि ९.१ वाल्या माणसाला ते एकटं पुरेल का हा प्रश्न. म्हणून डॉक्टरांना "बंद करू का" असं विचारूच नका. "पैशामुळे मला हे बंद करावं लागतंय, तर बाकीची चिठ्ठी परत बसवून द्या" असं म्हणा. पैशाचं कारण स्पष्ट सांगा, लाजू नका. आमच्याकडे अर्धे लोक डॉक्टरांसमोर हो हो म्हणतात आणि काउंटरवर येऊन "चारच्या ऐवजी दोनच द्या" म्हणतात, डॉक्टरांना पत्ताच नसतो.

आणि घरात जुनी ग्लिमेपिराइडची पट्टी पडली असेल तर आपल्या मनानं चालू करू नका. इंजेक्शनचा असर अजून अंगात, वर ही गोळी, आणि तुम्ही दुपारी रानात, जेवण लांबलेलं. शुगर ७० च्या खाली गेली की काय होतं ते तुम्ही एकदा बघितलंय.

---

परभणीची_लेक

माझ्या आईचं सांगते, तिचं सेमाग्लुटाइड होतं, आम्ही पण खर्चामुळेच थांबवलं. पहिला महिना मस्त. आई म्हणायली, बघ उगाच पैसे घालत होतो. मग हळूहळू भूक परत आली, आणि ती भूक साधी नाही हो, डोक्यातली भुणभुण, आता काय खाऊ मग काय खाऊ. इंजेक्शनवर असताना अर्ध्या भाकरीत होणारी बाई परत दोन भाकऱ्या आणि वर शेंगदाण्याचा लाडू. उपाशीपोटीची शुगर बरी दिसायची म्हणून आम्ही निवांत, पण जेवणानंतरची २४० च्या वर जायली होती, ते आम्हाला लॅबमुळे कळालं. डॉक्टरांनी नवीन गोळी लावून दिली तेव्हा आटोक्यात आलं. वजन मात्र बरंचसं परत चढलं. आई त्याचं स्वतःला लई बोल लावून घ्यायची, जिभेवर ताबा नाही म्हणून, तर डॉक्टरच म्हणाले की आजी, औषध भूक दाबत होतं, ते गेलं की भूक येणारच, त्यात तुमचा काय दोष.

तेव्हा दोन्ही वेळची शुगर बघा दादा, नुसती सकाळची नको.

---

बापू_७२

मेथी दाणे रात्री भिजवून सकाळी खा, जांभळाच्या बियांची पावडर घ्या, कडुलिंबाचा रस घ्या. इंजेक्शन बिंजेक्शन सगळं बंद. मी तेच करायलोय.

---

गोदाकाठ_नांदेड

बापू, मेथी खा की, भाजीत चांगलीच लागती. पण १०४ किलो आणि ९.१ जांभळाच्या बियांवर सोडायची नसती. ती पावडर गोळीच्या जागी घेणारे लोक आमच्याकडे येतात तेव्हा पायाला जखम घेऊन येतात.

---

वाळूज_नाईटशिफ्ट

मी संभाजीनगरचा, कंपनीत शिफ्टला आहे. माझंही हेच औषध होतं, ७.५ पर्यंत गेलो होतो. माझ्या डॉक्टरांनी एकदम बंद न करता आधी ७.५ वरून ५, मग २.५, आणि मधली गॅप वाढवत नेली. त्यांनी स्पष्ट सांगितलं की असंच करायला पाहिजे असा काही पक्का नियम नाही, कंपनीच्या कागदात पण आठवड्याचंच लिहिलेलं आहे, पण हळूहळू उतरलं की भूक एकदम अंगावर येत नाही आणि शुगर कुठे सरकायली ते बघायला वेळ मिळतो. मला ते पटलं. खर्चही टप्प्याटप्प्यानं कमी झाला हा वेगळा फायदा. पण हे त्यांच्या देखरेखीखाली, मनानं नाही.

वजनाचं म्हणाल तर मनाची तयारी ठेवा. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आलं. तिर्झेपेटाइडच्या अभ्यासात ३६ आठवडे घेऊन साधारण २१ टक्के वजन उतरलं, मग ज्यांचं बंद केलं त्यांचं पुढच्या वर्षात १४ टक्के परत वाढलं. ते लोक शुगरवाले नव्हते, तरी अंदाज येतो. हे वाचून मी घाबरलो होतो, पण निदान माहित होतं म्हणून आधीच बाकीची तयारी केली.

तयारी म्हणजे काय तर ताकदीचा व्यायाम. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर मांस पण उतरतं, आणि परत चढतं तेव्हा चरबीच जास्त चढते. नुसतं चालून भागत नाही. जिमच पाहिजे असं नाही, उठाबशा, भिंतीला जोर, पाण्याची कॅन उचलणं. तुम्ही दुकानात खताची पोती उचलत असाल तर अर्धं काम झालं, पण पोरगं ठेवलं असेल उचलायला तर त्याला सुट्टी द्या 😄 आणि जेवणात ज्वारीची भाकरी एक कमी करून तुरीचं वरण घट्ट, मटकी, अंडी, ताक असं वाढवा. आपल्याकडे वरण म्हणजे पिवळं पाणी करतात, त्यात डाळ शोधावी लागते.

---

परभणीची_लेक

वरणाचं अगदी खरं 😂

---

औसेकर_कृषी

सगळ्यांचे आभार. खरं सांगू का, मला वाटलं होतं लोक म्हणतील बंद करू नका आणि विषय संपेल.

अजून थोडं विचारतो. एक, स्वस्त पडणाऱ्या दुसऱ्या गोळ्या असतात का यातल्या? दोन, फ्रीजमध्ये अजून कुप्या आहेत, त्या ठेवून देऊ का, परत शुगर वाढली तर तिथूनच पुढं चालू करता येईल? आमच्या लाईटचं तुम्हाला माहितच आहे, उन्हाळ्यात दुपारी गेली की संध्याकाळीच येती. तीन, पुढं नवरात्र आहे, नऊ दिवसाचे उपवास मी धरतो, तुळजापूरला चालत पण जातो दरवर्षी.

---

गोदाकाठ_नांदेड

गोळ्यांचं आधी. सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ ला संपलं, आता जनऔषधीत अगदी स्वस्त मिळती. ती या इंजेक्शनबरोबर सहसा देत नाहीत कारण दोन्ही एकाच वाटेनं काम करतात, पण इंजेक्शन गेल्यावर देता येती. डॅपाग्लिफ्लोझिन पण स्वस्त झालीय, ती शुगर लघवीवाटे काढती, किडनी आणि हार्टला पण चांगली. पण आपल्याकडच्या ४२-४३ च्या उन्हात रानात काम करणाऱ्यानं पाणी भरपूर प्यावं लागतं, लघवीच्या जागी खाज-जळजळ होऊ शकती, आणि उलट्या-जुलाब असतील किंवा कडक उपवास असेल तेव्हा थांबवायची का ते विचारून ठेवावं लागतं. कोणती तुम्हाला चालेल ते किडनीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन, बघून डॉक्टरच ठरवणार. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड तर सरकारी दवाखान्यात एनसीडीच्या (शुगर-बीपीसारख्या आजारांच्या) ओपीडीत फुकट मिळती, ते पण लक्षात ठेवा. आणि इंजेक्शनच पाहिजे असेल तर सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ चं होतं, त्यामुळे इथल्या कंपन्यांचं स्वस्त कितीला पडतं ते विचारा. फक्त तिर्झेपेटाइड ५ म्हणजे सेमाग्लुटाइड ५ असं नसतं, दोन्ही वेगळी औषधं, डोसची शिडी वेगळी.

कुप्यांचं. मोठी गॅप पडली तर ५ वर थेट परत जायचं नाही, बहुतेक डॉक्टर परत २.५ पासून सुरू करायला लावतात, नाहीतर उलट्या-मळमळ अशी लागती की सलाईन लावायची वेळ येती. म्हणून साठवून ठेवण्यात मोठा अर्थ नाही, आहेत त्या उतरवताना वापरता येतील का ते विचारा. एक कुपी एका डोसची असती, दोघांत वाटून घेणं, अर्धी आज अर्धी पुढच्या आठवड्यात, हे करू नका, लोक करतात म्हणून सांगायलो. ठेवायची २ ते ८ डिग्रीत. फ्रीजबाहेर ३० डिग्रीच्या आत २१ दिवस चालती, पण औशाच्या मे महिन्यात घरात ३० डिग्री कुठं शोधणार. बर्फाला चिकटून गोठली तर फेकून द्या.

उपवासाचं असं आहे की साबुदाणा खिचडी आणि बटाटा म्हणजे शुगर सरळ वर, आणि ग्लिमेपिराइड परत लागली असेल तर दिवसभर काही न खाता चालणं म्हणजे शुगर सरळ खाली. म्हणजे दोन्हीकडून मार. भगर, दाण्याची आमटी, दही, ताक असं धरा, आणि त्या नऊ दिवसातला गोळ्यांचा हिशोब आधीच लिहून घ्या. चालत जाताना खिशात साखरेची पुडी, घाम-थरथर झाली की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायची.

---

वाळूज_नाईटशिफ्ट

यात एक जोडतो, बीपीचं यंत्र पण घरी ठेवा. वजन चढायला लागलं की बीपी मागून येतं. माझं तसंच झालं, शुगरकडे सगळं लक्ष आणि बीपी १५० वर जाऊन बसलं होतं. आणि शुगर सलग ३०० च्या वर, सारखी तहान, रात्री सारखं लघवीला, उलट्या, असं झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. पोटात जोराची कळ येऊन पाठीकडे जायली तरी तसंच, औषध थांबवून थोडेच दिवस झाले असतील तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगायचं.

---

औसेकर_कृषी

शनिवारी अपॉइंटमेंट घेतलीय, यावेळी लवकरचा नंबर. वहीत लिहून नेतोय: पैशामुळे बंद करावं लागतंय, उतरवत आणायचं का, ग्लिमेपिराइड आणि बीपीची काढलेली गोळी कधी परत, स्वस्तातली कोणती, क्रिएटिनिन करायचं का, नवरात्रात काय. बायकोला पण बरोबर नेतोय, म्हणजे तिलाबी कळंल वजन उतरलं म्हणजे शुगर गेली असं नसतंय.

ग्लुकोमीटर आहे घरी पण पट्ट्या जुन्या आहेत. रोज किती वेळा बघू? पट्ट्या पण काही फुकट नाहीत.

---

गोदाकाठ_नांदेड

रोज चार वेळा करायची गरज नाही. डॉक्टर वेगळं म्हणाले नाहीत तर आठवड्यातून दोन-तीन दिवस निवडा, त्या दिवशी सकाळी उपाशीपोटी आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी. उपाशीपोटीची ८० ते १३० आणि जेवणानंतरची १८० च्या आत असं साधारण धरतात. हे निदान तीन महिने करा कारण पहिल्या महिन्यातले आकडे गोडच दिसणार. नवीन गोळी लागली की पहिले काही दिवस जास्त वेळा बघा. एचबीए१सी तीन महिन्यांनी, त्याच्या आधी करून पैसे घालू नका. पट्टीची डबी उघडल्यावर झाकण घट्ट लावायचं, दमटपणानं आकडा चुकतो, आणि तारीख गेलेली असेल तर ती डबी टाकून द्या.

---

परभणीची_लेक

शनिवारी काय झालं ते इथंच लिहा दादा, आईला पण वाचून दाखवायचंय.