माजी आमदारांचा जीवनपट लिहायचाय, सालं आणि कागद कुठं तपासायचे?

खानापूर_वाचनालय
नमस्कार मंडळी. आमच्या कर्नाटकातल्या बेळगाव सीमाभागातल्या एका दिवंगत माजी आमदारांवर वाचनालयाच्या स्मरणिकेत लेख द्यायचा आहे. घरच्यांनी दिलेल्या टिपणात एवढंच आहे: "१९७२ ला जिल्हा परिषद सदस्य, पुढं तीन वेळा आमदार, समितीचे." (समिती म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समिती, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणारी.) मतदारसंघ, मतं, सभागृहातलं काम हे पक्कं कुठून मिळेल? कानडी वाचता येतं, त्याची अडचण नाही.

उचगाव_फाटा
टिपणातली पहिलीच गोष्ट तपासा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ पासून आहेत, म्हणून आपल्याकडंही तसंच लिहिलं जातं. कर्नाटकात १९५९ च्या कायद्यानं तालुका डेव्हलपमेंट बोर्डं होती. जिल्हा परिषद आणि मंडल पंचायत १९८३ च्या कायद्यानं आली आणि तिच्या निवडणुका १९८७ ला झाल्या. आजची ग्राम, तालुका, जिल्हा पंचायत ही १९९३ च्या कायद्याची. म्हणजे १९७२ चं साल बरोबर असेल तर ते तालुका बोर्डाचे सदस्य असणार. जिल्हा परिषद बरोबर असेल तर साल चुकलंय. घरच्यांना दोन्ही शक्यता सांगून जुनं ओळखपत्र किंवा बैठकीची नोटीस शोधायला लावा.

आमदारकीसाठी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचे सांख्यिकी अहवाल बघा. मतदारसंघवार उमेदवार, मतं, सगळं त्यात आहे. १९५२ चा निकाल "मुंबई" राज्याखाली, १९५७ ते १९७२ "म्हैसूर"खाली आणि १९७८ पासून "कर्नाटक"खाली मिळतो. सार्वत्रिक निवडणुकांची सालं ठरलेली आहेत: १९५२, ५७, ६२, ६७, ७२, ७८, ८३, ८५, ८९, ९४, ९९, २००४, ०८, १३, १८, २३. याबाहेरचं साल कुणी सांगितलं तर एक तर ती पोटनिवडणूक असते, नाहीतर चूक. पोटनिवडणुकीचा निकाल या अहवालांत नसतो, तो वेगळा काढावा लागतो.

सीमाभाग_नोंदी
वरच्या उत्तरात एक भर, आणि ती महत्त्वाची आहे. या अहवालांत समितीचा उमेदवार "अपक्ष" म्हणून दिसू शकतो. २०१३ ला बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील समितीचे म्हणून निवडून आले. आयोगाच्या निकालात ते दोघं नऊ अपक्षांत मोजलेत. नुसता अहवाल बघून लिहिलं तर माणसाचं आख्खं राजकारणच पुसलं जातं. म्हणून त्या आठवड्याचं "तरुण भारत" हे बेळगावचं मराठी दैनिक काढून समितीच्या उमेदवारांची यादी जुळवा, आणि लेखात "समितीचे, नोंद अपक्ष" असं स्पष्ट लिहा.

मतदारसंघाचं नावही जपून वापरा. २००८ च्या पुनर्रचनेत उचगाव, बागेवाडी, संकेश्वर ही नावं गेली, सदलगा चिक्कोडीला जोडला, बेळगाव शहराचे उत्तर-दक्षिण झाले, बेळगाव ग्रामीण आणि यमकनमर्डी नवे आले. खानापूरसारखं नाव टिकलं असलं तरी हद्द तीच राहिली असं धरू नका. त्यामुळं १९९४ ची आणि २०१३ ची मतं शेजारी ठेवून "मताधिक्य वाढलं" असं लिहिता येत नाही.

कागवाड_रोड
"तीन वेळा आमदार" याचाही हिशेब करा. तीनदा निवडून येणं आणि तीन विधानसभांचे सदस्य असणं नेहमी एकच नसतं. कागवाडचे श्रीमंत पाटील २०१८ ला काँग्रेसकडून निवडून आले, जुलै २०१९ मध्ये अपात्र ठरले आणि डिसेंबर २०१९ च्या पोटनिवडणुकीत भाजपकडून परत आले. विजय दोन, विधानसभा एकच, पंधरावी. शिवाय लोक विधान परिषदेच्या सदस्यालाही आमदारच म्हणतात. तिथली मुदत सहा वर्षांची, आणि स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात मतदान ग्रामपंचायत सदस्य, नगरसेवक वगैरेंचं. एखादी टर्म सार्वत्रिक सालांत बसत नसेल तर आधी तिकडं बघा.

खानापूर_वाचनालय
फार उपयोगी. त्यांचं निधन २००१ चं आहे. उमेदवारी अर्जाच्या शपथपत्रावरून जन्मतारीख, शिक्षण मिळेल का?

उचगाव_फाटा
नाही. मालमत्ता, गुन्हे, शिक्षण यांचं शपथपत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या निकालानंतर पक्कं झालं; कर्नाटक विधानसभेला ते २००४ पासून. आणि त्यातही वय असतं, जन्मतारीख नाही. दाखला शाळेतूनच घ्या.

विधानसौध_वाचक
तुमच्यासाठी सगळ्यात चांगला कागद म्हणजे सभागृहाचा शोकप्रस्ताव. माजी सदस्य वारले की पुढच्या अधिवेशनाच्या सुरुवातीलाच सभाध्यक्ष तो मांडतात आणि त्यात जन्म, शिक्षण, मतदारसंघ, भूषवलेली पदं थोडक्यात वाचली जातात. २००१ च्या निधनाच्या तारखेनंतरचं पहिलं अधिवेशन शोधा, कामकाजवृत्तात "संताप सूचने" (कानडीत संताप म्हणजे शोक) या मथळ्याखाली बघा. माहिती घरूनच गेलेली असू शकते, म्हणून सालं वरच्या निकालांशी ताडून घ्या.

सभागृहातल्या कामासाठी सदस्याच्या नावानं प्रश्न काढा. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि पुरवणी प्रश्न विचारता येतात, तिथं माणूस बोलताना सापडतो. अतारांकिताचं उत्तर नुसतं लेखी. ते मराठीत बोलले होते का हेही बघा. राज्यघटनेच्या कलम २१० प्रमाणं राज्यभाषा, हिंदी किंवा इंग्रजीत नीट मांडता येत नसेल तर सभाध्यक्ष मातृभाषेत बोलायची परवानगी देऊ शकतात. तशी परवानगी मागितल्याची नोंद मिळाली तर ती तारखेसकट, जशीच्या तशी छापा. सीमाभागातल्या वाचकाला ती पदांच्या यादीपेक्षा जास्त हवी असते.

नावाची स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. आडनाव आधी, किंवा नावाआधी नुसती आद्याक्षरं, अशी नोंदही सापडते.