वासरांना काटेरी तार चालेल का?

प्रश्न: यावलजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी शेत आहे. दोन कालवडी, एक गोऱ्हा. धाकटी वीस दिवसांची. मे महिन्यात पारा ४५ वर जातो, पत्र्याला हात लागला तर चटका बसतो. त्यात बिबट्याची धास्ती. वासरांसाठी कुंपण अन् छप्पर कसं करावं?

उत्तर: दादा, काटेरी तार नकोच! माझ्या कालवडीचा कान फाटला. टाके पडताना ती माझ्या हाताला चाटत होती. बारीक जाळी लावा. मोठ्या भोकात वासरू मान घालतं अन् अडकतं.

उत्तर: छपराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. पत्र्यावर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं), त्यावर पाचट (उसाचा वाळलेला पाला). जमीन मात्र कोरडी हवी, नाहीतर हगवण लागते.

प्रश्नकर्ता: आणि रात्री?

उत्तर: वरूनही जाळी हवी भाऊ, बिबट्या कुंपणावरून सहज उडी मारतो.