तडीपार, हद्दपार आणि आमच्याकडची गडीपारु

या चर्चेत वर एकांनी तडीपार आणि हद्दपार एकच म्हटलंय, ते पटलं नाही. आमच्या बेळगावात कन्नड पेपरात दोन्हीला 'गडीपारु' लिहितात, गडी म्हणजे सीमा, त्यामुळं गोंधळ होतो खरा, पण कायद्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तडीपार म्हणजे पोलीस कायद्याखाली ठराविक मुदतीसाठी जिल्ह्याबाहेर, आणि माणूस नागरिकच असतो, कोर्टात जाऊन संविधानाच्या १९व्या कलमावर, म्हणजे देशात कुठंही फिरायच्या-राहायच्या हक्कावर, भांडता येतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा असाच शिनोळीपलीकडं चंदगडकडं बहिणीकडं राहायला होता, आई दर रविवारी डब्यात भाकरी आणि झुणका घेऊन बसनं जायची, तेवढ्या अंतरानंही ती माऊली वाळून गेली होती हो.

हद्दपार म्हणजे थेट देशाबाहेर, आणि परदेशी माणसाला १९व्या कलमाचं ते कवच नाही. १९५५ च्या हान्स म्युलर खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परकीयाला घालवायचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे. आणि युगांडात १९७२ ला हुकूमशहा इदी अमीननं आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस दिले, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच दुकानं चालवणारे लोक ते!

हद्दपारीवरच्या साहित्याचं म्हणाल तर मला रामाच्या वनवासापेक्षा थिबा राजा जास्त छळतो. इंग्रजांनी १८८५ ला ब्रह्मदेशातून उचलला, रत्नागिरीत ठेवला, १९१६ ला तिथंच वारला. आणि आपले टिळक उलटे मंडालेला, त्याच थिबाच्या राजधानीत, तिथं गीतारहस्य लिहिलं. या दोघांवर मराठीत एकत्र कुणीतरी लिहायला पाहिजे, मनापासून सांगतो.