इंदूर मेट्रोला ब्रिक्सच्या बँकेचं कर्ज, त्याने जग कसं बदलणार?

राजवाडेकर: सुपर कॉरिडॉरवरच्या मेट्रोला न्यू डेव्हलपमेंट बँकेने, म्हणजे ब्राझील, रशिया, भारत, चीन नि दक्षिण आफ्रिका या ब्रिक्स देशांनी काढलेल्या बँकेने कर्ज दिलंय. मग वर्ल्ड बँकेकडून घेतलं काय नि इथून घेतलं काय, व्याज तर भरायचंच ना?

पोहेजलेबी: अरे भिया, फरक मतांचा आहे, वर्ल्ड बँकेची जोड संस्था आयएमएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, तिथे मोठ्या निर्णयांना 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 च्या वर आहेत, म्हणजे ती नाही म्हणाली की विषय संपला. शांघायच्या या बँकेत पाचही संस्थापक देशांचा वाटा सारखा, व्हेटो कोणालाच नाही.

छत्रीबागवाला: वाटा सारखा, पण कर्ज बरंचसं डॉलरमध्येच देतात ना. आणि भारत-चीन सीमेवर भांडणार नि बँकेत शेजारी बसणार, बघू किती टिकतं.

राजवाडेकर: व्याजदराचं कोणीच नाही बोललं!