मदत हवी आहे: एफसिंक करूनही वीज गेल्यावर नोंदी गायब होतात

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर एक छोटं की-व्हॅल्यू स्टोअर (नाव दिलं की त्याची किंमत परत देणारा साधा डेटाबेस) लिहितोय. आधी लॉगच्या (नोंदी क्रमाने साठवणाऱ्या फाइलच्या) शेवटी नोंद, सोबत तिची लांबी आणि सीआरसी (नोंद बिघडली का ते ओळखायचा तपासणी-आकडा), मग एफसिंक (fsync, म्हणजे फाइलचा डेटा खरोखर डिस्कवर लिही, असं कर्नलला सांगणं). ते यशस्वी झालं तरच क्लायंटला 'कमिट झालं', म्हणजे नोंद कायमची साठली, म्हणून कळवतो. लॉग ६४ एमबीचा झाला की नवी फाइल. पुन्हा सुरू होताना लॉग वाचत जातो आणि सीआरसी जुळला नाही की तिथून पुढचं कापतो.

किल -९ (प्रोसेस तडकाफडकी मारणारी आज्ञा) देऊन प्रोसेस शेकडो वेळा मारली, एकही नोंद गेली नाही. मग थेट मशीनची वायर काढून पाहिली. २० पैकी ३ वेळा कमिट झालेल्या नोंदी गेल्या, त्यात एकदा तर शेवटची अख्खी लॉग फाइलच डिरेक्टरीत नव्हती! अर्धवट नोंद गेली तर हरकत नाही. पण ज्याला 'झालं' असं सांगितलं त्याचा डेटा जाणं मला अजिबात पटत नाही. एफसिंकचा एरर आला तर पुन्हा प्रयत्नही करतो. मग चुकतंय कुठे?

प्रतिसाद १

किल -९ ने फक्त प्रोसेस मरते. लिहिलेलं कर्नलच्या पेज कॅशमध्ये (मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात) असतंच, ते सावकाश डिस्कवर जातं. त्यामुळे ती चाचणी वीज जाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

फाइलचं नाव डिरेक्टरीत असतं, म्हणून नवी फाइल केली किंवा नाव बदललं की डिरेक्टरी उघडून तिचंही एफसिंक करा. मग ड्राइव्हची स्वतःची राईट कॅश (लिहायचा डेटा आधी ठेवायची ड्राइव्हमधली मेमरी) तपासा. साटा (SATA) जोडणीचा ड्राइव्ह असेल तर hdparm -W 0 या आज्ञेने (W मोठाच हवा) ती बंद करून बघा.

आणि तो पुन्हा प्रयत्न आजच काढा. एफसिंक फसलं की कर्नल पेज कॅशमधली ती पानं 'स्वच्छ', म्हणजे डिस्कवर लिहून झालेली, धरू शकतो, मग दुसरं एफसिंक यशस्वी येतं आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांना २०१८ मध्ये हेच कळलं. आता त्यांचा सर्व्हर अशा वेळी थेट बंद पडतो आणि लॉगवरून सावरतो.

धागाकर्ता

मनापासून आभार! डिरेक्टरीचं एफसिंक घातलं, राईट कॅश बंद केली, पुन्हा ३० वेळा वायर काढली. सगळं शाबूत. पण वेग फारच पडलाय. एक एफसिंक चालू असताना आलेले कमिट साठवून पुढच्या एकाच एफसिंकमध्ये उरकायचे, असं कुणी केलंय का? त्यात मुद्दाम थोडं थांबावं लागतं का?